चावी हातात, गाडी आवारात

उचलून आणलेल्या गाड्या जिथं ठेवतात, त्या आवाराच्या जाळीपाशी एक गृहस्थ उभे होते. एप्रिलातली दुपार, चपलेला डांबर चिकटावं असं ऊन, डोक्यावर टॉवेल. आत तिसऱ्या रांगेत त्यांची पांढरी गाडी. ते चावीचं बटण दाबत आणि आत गाडीचे दिवे लुकलुकत, ‘पिप्’ असा आवाज येई. थोड्या वेळानं पुन्हा दाबत, पुन्हा लुकलुक. टेबलामागच्या अंमलदारानं मान वर न करता विचारलं, ‘‘आरसी कुणाच्या नावावर आहे?’’ ‘‘मेव्हण्याच्या.’’ ‘‘ते कुठायत?’’ ‘‘पुण्याला असतेत की साहेब.’’ ‘‘मग त्यांचं पत्र आणा.’’ पत्र नव्हतं. दंडाचे पैसे होते, लायसन होतं, चावी तर होतीच. गाडी त्यांना ओळखत होती, कागद ओळखत नव्हता. नो पार्किंगमधून गाडी उचलली की लोक बोलतात ते दंडाबद्दल, क्रेनवरच्या पोरांच्या धसमुसळेपणाबद्दल. त्या दुपारपासून वाटत राहिलं की खरा घोळ दोन्हीकडं नाही. ही गाडी नेमकी कुणाची, हा प्रश्न एरवी वर्षानुवर्षं कुणी विचारत नाही आणि गाडी उचलली की पहिल्याच खिडकीवर विचारला जातो.

नवी पेठ, चाटी गल्ली, मधला मारुती, टिळक चौक, माणिक चौक हा सोलापूरच्या जुन्या बाजाराचा पट्टा सायकल, टांगा आणि हातगाडीच्या मापानं बसलेला आहे. गिरणीच्या भोंग्यावर शहर चालायचं तेव्हाचे हे रस्ते. आता लगीनसराईत तिथं बस्ता बांधायला आलेली अख्खी कुटुंबं उतरतात. एमएच १३ तर आहेच, पण अकलूजकडची एमएच ४५, धाराशिवची एमएच २५, विजयपूरची केए २८, कलबुर्गीची केए ३२. बाहेरगावचा माणूस ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून गाडी दुकानासमोर लावतो. आत गादीवर इरकली, पैठणी, शालू उलगडत जातात, नव्या कापडाचा खळीचा वास, चहाचे कप, नवऱ्याकडच्यांना कुठला रंग चालेल यावर चर्चा. पाच मिनिटांचे दोन तास कसे झाले हे दुकानात कुणालाच सांगता येत नाही. बाहेर आल्यावर गाडीच्या जागी एसीच्या पाण्याचा अर्धवट वाळलेला डाग असतो आणि त्यावर एव्हाना कुणाची तरी मोटारसायकल उभी असते. तीही नो पार्किंगमध्येच.

पहिली शंका चोरीची येते. छातीत धस्स होतं, बायकामाणसं तिथंच पिशव्यांवर बसून घेतात. अशा वेळी आधी समोरच्या पानटपरीवर विचारावं. बाजारातल्या टपरीला सगळं दिसत असतं. ‘‘आत्ताच नेले की ओ मालक, ओरडलालो होतो आम्ही, कुणी आलंच नाही.’’ हे उत्तर मिळालं तर अर्धा जीव भांड्यात पडतो. कधी जागेवर खडूनं काही खुणावलेलं असतं, बहुतेक वेळा नसतं. मग ११२ वर किंवा वाहतूक शाखेकडं गाडीचा नंबर सांगून विचारायचं. उचललेल्या गाडीची नोंद होते, त्यामुळं हो किंवा नाही असं सरळ उत्तर मिळतं. त्यांच्या यादीत गाडी नसेल तरच हद्दीच्या पोलीस ठाण्यात चोरीची तक्रार द्यायची, आणि तीही मग लगेच, कारण विमा कंपनी चोरीच्या दाव्यात उशिरावर बोट ठेवते. क्रम उलटा केला, म्हणजे आधी चोरीची तक्रार आणि मग आवारात गाडी सापडली, तर ती नोंद मिटवताना दिवस जातो.

ई-चलान तयार झालं की मोबाईलवर संदेश येतो, असं म्हणतात. येतोही, पण नोंदणीत जो मोबाईल नंबर आहे त्यावर. तो नंबर शोरूममधल्या पोऱ्याचा, एजंटचा किंवा मालकानं चार वर्षांपूर्वी टाकून दिलेल्या सिमचा निघाला की संदेश भलतीकडंच जातो. जुनी गाडी घेतलेल्यांत तर हे सर्रास. परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर, चेसिस आणि इंजिन नंबर, नोंदणीची तारीख घालून मोबाईल नंबर बदलता येतो आणि ते काम गाडी दारात उभी असतानाच करून ठेवायचं असतं. संदेश न येताही चलान बघता येतं: राज्याच्या वाहतूक ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे ४ आकडे टाकले की काढलेला फोटो, वेळ, ठिकाण, लावलेलं कलम सगळं समोर येतं. तो फोटो नीट पाहावा. नंबरातला ३ आणि ८ यांची अदलाबदल होऊन दुसऱ्याच गाडीवर चलान पडल्याची प्रकरणं असतात आणि त्यासाठी तक्रारीची सोय तिथंच आहे. व्हॉट्सॲपवर ‘आरटीओ चलान’ नावाची फाईल आली तर मात्र ती उघडायची नाही. सरकार चलानासाठी ॲपची फाईल पाठवत नाही. ती उघडणाऱ्यांची बँकखाती रिकामी झाली आहेत. चलानाच्या सरकारी संकेतस्थळाचा पत्ता जीओव्ही डॉट इन असाच संपतो.

आता कायदा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२७. रस्त्यावर १० तास किंवा त्याहून जास्त वेळ बेवारस सोडलेली गाडी, किंवा जिथं लावायला कायद्यानं मनाई आहे तिथं लावलेली गाडी उचलून नेण्याचा, नाहीतर तिला जॅमर लावण्याचा आदेश त्या हद्दीतला गणवेशातला पोलीस अधिकारी देऊ शकतो. ‘गणवेशातला’ हा शब्द कायद्यातच आहे. क्रेनवरची पोरं ठेकेदाराची असतात आणि अधिकार त्यांचा नसतो. त्यांच्याशी वाद घालून घसा कोरडा करण्यात म्हणूनच अर्थ नाही. बोलायचं ते सोबतच्या पोलिसाशी. त्याच कलमात पुढं म्हटलंय की उचलून नेण्याचा खर्च मालकाचा, दंड वेगळा. गाडी क्रेनला लागली आणि तेवढ्यात मालक धापा टाकत आला तर काय, याबद्दल कलमात अक्षर नाही. तिथंच दंड भरून गाडी सोडवायची विनंती करता येते, ऐकणं न ऐकणं समोरच्यावर. विनंती हात जोडून केली तर लागू पडते आणि ‘ओळखता का मी कोण’ असं सुरू केलं तर पडत नाही, हे सोलापुरात सांगायला नको.

मनाई आहे हे कळायचं कसं? निळ्या गोल पाटीला लाल कड आणि आत एक तिरकी लाल रेघ असेल तर गाडी लावायची नाही. दोन रेघांची फुली असेल तर थांबवायचीसुद्धा नाही. पाटीखाली बाण असेल तर मनाई त्या दिशेनं. ‘पाटीच नव्हती साहेब’ हा बचाव मात्र सगळीकडं चालत नाही. फुटपाथवर, झेब्रा पट्ट्यांपाशी, वळणावर, बसथांब्यापाशी, दवाखान्याच्या आणि शाळेच्या दारात, उभ्या गाडीच्या शेजारी दुसरी गाडी लावायला पाटी असो नसो, मनाईच आहे. २०१७ च्या वाहनचालन विनियमांत हे सगळं आलेलं आहे. शिवाय तात्पुरते आदेश असतात. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीचा मार्ग बंद होतो, होम मैदानाभोवतीचे रस्ते वळवले जातात. कलम ११५ प्रमाणं एक महिन्याच्या आतल्या बंदीला राजपत्राची गरज नाही, स्थानिक पातळीवर प्रसिद्धी दिली की पुरे. म्हणजे वर्तमानपत्रातली बातमी. आपल्याला ती वाचून माहीत असते. विजयपूरहून आलेल्या माणसानं ती कुठं वाचायची?

इथं मन दोन्हीकडं ओढलं जातं. रेल्वे लाईन्स भागातल्या दवाखान्यांपुढं अँब्युलन्स हॉर्न वाजवत उभी आणि पुढं दुहेरी लावलेली गाडी, हे बघितलं की क्रेनवाला देवदूत वाटतो. आतला रुग्ण कुणाचा तरी बाप असतो. पण त्याच कायद्यात कलम ११७ आहे. स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून गाड्या लावायच्या जागा ठरवण्याचा अधिकार त्यात शासनाला दिलाय. मनाईच्या पाट्या भराभर लागतात, ‘इथे लावा’ म्हणणाऱ्या पाट्या हुडकाव्या लागतात. लाल रेघेच्या पाटीखाली जवळचा वाहनतळ कुठं आणि किती अंतरावर, एवढं लिहायला कितीसा रंग लागतो! पाटी कर्नाटकातून येणाऱ्यांसाठी कानडीतही लिहिली तर बिघडणार नाही. सोलापुरात तसंही कानडी बोलणारे पुष्कळ आहेत आणि तेलुगू बोलणारेही.

गाडी उचलायची म्हणजे नेमकं काय करतात, हे माहीत असलं तर नंतर काय तपासायचं ते कळतं. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते. पुढची दोन चाकं पट्ट्यांनी बांधून उचलली आणि मागची रस्त्यावर फिरत नेली तर गिअरबॉक्सला धोका नाही. अडचण हँडब्रेकची. तो मागच्या चाकांवर असतो आणि सभ्य माणूस गाडी लावताना तो ओढतोच. ओढलेल्या हँडब्रेकसकट गाडी नेली तर मागची चाकं फिरत नाहीत, घासत जातात. टायरवर एका जागी चपटा डाग पडतो, आणि चाक जबरदस्तीनं फिरलंच तर ब्रेक शू तापतात, करपल्याचा वास येतो. म्हणून मागच्या चाकांखाली छोट्या ट्रॉल्या घालायच्या असतात. घातल्या तर. रस्ता अरुंद, पुढं भिंत, म्हणून गाडी मागून उचलली तर पुढची चाकं जमिनीवर राहतात, आणि गाडी गिअरमध्ये असेल तर इंजिन आणि गिअरबॉक्स उलटे ओढले जातात. त्यात स्टिअरिंगला कुलूप. चाकं वळलेल्या अवस्थेत अडकलेली असली की गाडी खेकड्यासारखी तिरकी ओढली जाते आणि अलाइनमेंटचं गणित तिथंच बिघडतं. ऑटोमॅटिक गाडी ‘पी’वर असली की गिअरबॉक्समधला एक लहानसा लोखंडी दात चाकं धरून ठेवत असतो. गाडी तशीच ओढली तर तो दात तुटू शकतो, आणि तुटला तर गिअरबॉक्स उघडावा लागतो. चारही चाकांना ताकद जाणारी गाडी आणि इलेक्ट्रिक गाडी ही चारही चाकं वर घेऊन सपाट पाटीच्या ट्रकवरच न्यायला हवी. इलेक्ट्रिकमध्ये मोटारीला जोडलेलं चाक फिरलं की मोटार वीज तयार करू लागते आणि ती जाणार कुठं? बंद, कुलूपबंद गाडी बाहेरून बघून आत गिअर कुठला, हँडब्रेक ओढलाय का, हे क्रेनवरच्या पोराला दोन मिनिटांत अंदाजानं ठरवायचं असतं. धसमुसळेपणाचा काही भाग इथून येतो. सगळा नाही.

दुचाकीची तऱ्हा वेगळी. दोघं दोन बाजूंनी धरतात आणि हँडललॉक असलेली गाडी तशीच टेम्पोवर चढवतात. लॉकचा खिळा वाकतो, मग चावी फिरताना अडकते. इंडिकेटर, आरसा, सायलेन्सरवरचं कव्हर, लेग गार्ड यातलं एखादं शेजारच्या गाडीत अडकतं. कार्ब्युरेटरची जुनी गाडी आडवी झाली तर पेट्रोल ओघळतं, इंजिन ‘ओव्हर’ होतं आणि आवारात किक मारमारून मालक घामाघूम होतो. चोक बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवून चार-सहा किका मारल्या आणि पाच मिनिटं थांबलं तर बहुतेक सुरू होते. नव्या इंजेक्शनच्या काही गाड्यांत गाडी कलंडल्याचं ओळखून इंजिन बंद करणारा सेन्सर असतो. चावी एकदा बंद करून पुन्हा चालू केली की तो पूर्ववत होतो. मेकॅनिक बोलवायची घाई करू नये.

आता टेबल. कागद लागतात ते असे: आरसी, गाडी घेऊन जाणाऱ्याचं लायसन, विमा, पीयूसी आणि ओळखपत्र. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधले कागद मूळ कागदांइतकेच चालतात. आरसीचा मोबाईलवर काढलेला फोटो त्यात मोडत नाही. तो चालवून घेणं ही मेहरबानी. हमखास होणारी गोष्ट म्हणजे सगळे कागद गाडीच्याच खणात, गाडी आवारात, आणि फोनचा चार्जरही गाडीतच. अशा वेळी अंमलदाराला सांगून, त्याच्या समक्ष गाडी उघडून कागद काढता येतात. परस्पर जाळीतून आत शिरू नये. डिजिलॉकर उघडताना ओटीपी येतो तोही त्या खात्याला जोडलेल्या नंबरवर, म्हणजे तो फोन सोबत हवा आणि त्यात जीव हवा. बाजाराला निघताना हे कुणाच्या डोक्यात असतं!

महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून लागू झालेल्या दरानं नो पार्किंगचा दंड पहिल्या वेळी ५०० रुपये, पुन्हा केलं तर १,५००. उचलून आणण्याचा आकार त्यावर. तो गाडीच्या आकाराप्रमाणं, पावतीवर वेगळा दिसला पाहिजे. एकच गोल रक्कम सांगितली गेली तर ‘दंड किती, क्रेनचे किती’ एवढं शांतपणे विचारावं. पैसे कार्डानं किंवा यूपीआयनं भरावेत, चलान क्रमांक असलेली पावती घ्यावी. खर्च वाढतो तो दुसऱ्याच कारणानं. टेबलावर कागद मांडले की विमा संपलेला निघतो, त्याचे पहिल्या वेळी २,०००. लायसन नसलेला मुलगा चावी घेऊन आलेला असतो आणि त्याच्या हाती गाडी दिली तर ५,००० चं कलम त्याच्यावर लागायच्या बेतात असतं. त्यापेक्षा लायसनवाला शेजारी सोबत आणावा आणि त्यानंच चालवत न्यावी. जुनी थकलेली चलानंही तिथंच पडद्यावर दिसतात, सिग्नल तोडल्याची, हेल्मेट नसल्याची. आपण म्हणत असतो पाचशेचं काम आहे. दंड भरणं ही कलम २०० खालची तडजोड आहे, म्हणजे भरला की प्रकरण मिटलं. पाटीच नव्हती, किंवा ती झाडामागं झाकलेली होती असं खरंच म्हणायचं असेल तर भरायच्या आधी, त्या जागेचे वेळेसकट फोटो काढून म्हणावं. भरल्यावर कुरकुरीला किंमत नाही.

आणि मग तो प्रश्न, आरसी कुणाच्या नावावर?

कायद्यात ‘मालक’ म्हणजे कोण याची व्याख्या आहे, कलम २(३०). ज्याच्या नावावर गाडीची नोंद तो मालक. कर्जावरची गाडी असेल तर करारानं ती ज्याच्या ताब्यात तो मालक, म्हणजे हप्ते चालू आहेत म्हणून बँकेचं पत्र आणायला कुणी सांगितलं तर ते बरोबर नाही. पण ‘मी विकत घेतलीय, नाव करायचं राहिलंय’ या वाक्याला या व्याख्येत जागा नाही. विकणाऱ्यानं राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, फॉर्म २९ आणि ३०. आपल्याकडं त्या फॉर्मांवर सह्या घेऊन ते कोरेच कपाटात ठेवायची पद्धत आहे, ‘पुढं विकायची झाली तर नाव कशाला चढवायचं’ म्हणून. अशी गाडी तीन हातांतून फिरते आणि कागदावर पहिल्याचीच राहते. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये अपघाताच्या भरपाईच्या एका खटल्यात हेच सांगितलं: नोंदणीत नाव ज्याचं, जबाबदारी त्याची, मधल्या विक्रीच्या गोष्टी त्यांनी आपसांत बघाव्यात. गाडी विकून मोकळं झालो म्हणणाऱ्यानं हे वाक्य दोनदा वाचावं. नवी पेठेतून उचललेल्या गाडीचं चलान त्याच्याच नावावर निघणार आहे.

भाऊ, मेव्हणे, मालक, शेठ यांची गाडी सोडवायला जायचं असेल तर साध्या कागदावर अधिकारपत्र लागतं: गाडीचा नंबर, मालकाचं नाव-पत्ता, गाडी ताब्यात घेणाऱ्याचं नाव आणि ओळखपत्राचा नंबर, तारीख, सही, सोबत मालकाच्या ओळखपत्राची सही केलेली प्रत. कंपनीची गाडी असेल तर लेटरहेड आणि शिक्का. मालक परगावी असेल तर सही केलेलं पत्र फोनवरून मागवून, छापून, अंमलदारासमोर मालकाशी बोलणं करून दिलं तर बऱ्याचदा भागतं. पण तो त्याचा निर्णय, हक्क सांगता येत नाही. सगळ्यात अवघड ती वडिलांच्या नावावरची गाडी. वडील जाऊन दोन वर्षं झालेली, गाडी मुलगा वापरतोय, घरात कुणाला ती काढून टाकायचं मन होत नाही आणि नाव बदलायचंही होत नाही, कारण बदललं की तेवढंही पुसलं जाईल असं वाटतं. नियम कोरडा आहे: मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं, ३ महिने गाडी वापरता येते, तेवढ्यात फॉर्म ३१ भरून नाव लावायचं. टेबलासमोर ‘मालकांना फोन लावा’ म्हटल्यावर अशा मुलाचा चेहरा बघवत नाही. मृत्यूचा दाखला आणि वारसाचं ओळखपत्र पुढं केलं तर अंमलदारही आवाज खाली आणतो, पण त्याला जे लिहून घ्यायचं ते तो लिहून घेतोच, आणि घ्यायलाच हवं. नाहीतर चावी दाखवणारा कुणीही गाडी घेऊन जाईल.

आवाराच्या मागच्या भागात उभ्या असतात त्या गाड्या वेगळ्या जातीच्या. चाकं मातीत रुतलेली, वेडी बाभूळ बॉनेटमधून वर आलेली, काचांवर बोटानं लिहिलेली नावं धुळीखाली गेलेली. हा मुद्देमाल. पार्किंगसाठी उचललेली गाडी जप्त झालेली नसते, दंड भरला की सुटते. गुन्ह्यात किंवा अपघातात अडकलेली गाडी न्यायालयाच्या हुकमानं सुटते. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या २००२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं बजावलं होतं की पोलीस ठाण्यात गाड्या कुजवू नका, फोटो आणि पंचनामा करून, हमी घेऊन लवकर परत द्या. अर्ज आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ किंवा ५०३ खाली होतो, गाडी सुपूर्दनाम्यावर मिळते आणि ‘बोलावल्यावर हजर करीन’ असं लिहून द्यावं लागतं. तरीही मागची रांग कमी होत नाही. कारण निकाल लागला तरी अर्ज करणारा कुणीतरी लागतो, आणि अर्ज करायला आरसीवरचा माणूस. काही गाड्यांचे विम्याचे पैसे मालकाला केव्हाच मिळालेले असतात, काहींचा दंड आणि थकबाकी गाडीच्या किमतीपुढं गेलेली असते. त्या कुणाच्याच राहत नाहीत. जाहीर सूचना निघते, लिलाव होतो, भंगारवाला वजनावर नेतो.

पावती हातात आल्यावर गाडी लगेच बाहेर काढायची घाई असते, कारण उन्हात उभं राहून डोकं भणभणलेलं असतं. तरी आधी एक फेरी मारावी. आवार मागं दिसेल असे चारी बाजूंचे फोटो. बंपरची खालची कड, त्याखालचं प्लॅस्टिकचं कवच, फॉगलॅम्प, मागचे सेन्सर, चाकांच्या कडांवर पट्ट्याचे ओरखडे, टायरच्या बाजूला चीर. गाडीखाली ओलं दिसलं तर बोट लावून बघावं, पाणी आहे की तेल. दारं उघडून पाच मिनिटं हवा जाऊ द्यावी. सोलापूरच्या मे महिन्यात बंद गाडीत अत्तराची बाटली, सॅनिटायझर, लायटर ठेवलेला असेल तर तो आधी बाहेर. अलार्म वाजून वाजून बॅटरी बसलेली असू शकते, त्यामुळं जंपर केबल आणणाऱ्याला लोक हसतात आणि नंतर तीच मागतात. जॅमर लावलेला असेल तर तो काढल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही. चाक अर्धा फेरा फिरलं तरी मडगार्ड गेलं. बाहेर पडल्यावर होटगी रोड किंवा विजापूर रोडसारख्या सरळ, रिकाम्या तुकड्यावर हळू चालवून बघावं: स्टिअरिंग सरळ धरूनही गाडी एका बाजूला जाते का, मागून थडथड येते का, हँडब्रेक पूर्वीपेक्षा जास्त वर येतो का. थडथड म्हणजे टायरचा चपटा डाग.

नुकसान दिसलं तर ते आवार सोडायच्या आधी, तिथल्या नोंदवहीत किंवा साध्या अर्जावर लिहून पोच घ्यावी. दुसऱ्या दिवशी फोटो घेऊन गेलं तर ‘बाहेर लागलं असेल’ हे उत्तर तयार असतं, आणि ते देणाऱ्याचं पूर्ण चुकतंय असंही म्हणता येत नाही. विम्याचा विचार करताना नो क्लेम बोनसचा, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सुटीचा, हिशेब आधी मांडावा. पहिल्या वर्षाला २० टक्के असलेला हा बोनस चढत चढत ५० टक्क्यांपर्यंत जातो आणि एका दाव्यानं शून्यावर येतो. बंपरच्या ओरखड्यासाठी तो घालवणं परवडत नाही, गिअरबॉक्स गेला असेल तर गोष्ट वेगळी.

पावती लगेच टाकू नये, सांभाळून ठेवावी. पैसे भरले गेले तरी संकेतस्थळावर चलान कधी कधी ‘बाकी’च दिसत राहतं, आणि काही महिन्यांनी लोक अदालतीची नोटीस येते तेव्हा चलान क्रमांक आणि भरल्याची तारीख दाखवल्याशिवाय कुणी ऐकत नाही. चार दिवसांनी एकदा नंबर घालून बघायचं, ‘भरले’ असं दिसलं की त्या पानाचा फोटो काढून ठेवायचा. आणि गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर तो फोटो त्यालाही पाठवायचा, कारण नोटीस त्याच्या पत्त्यावर जाणार आहे.